दूध पाजायची उशी : आधी बसा, मग निवडा

वैशाखातली गोष्ट. बाळंतपणासाठी चाळीसगावला माहेरी आलेली एक मुलगी दवाखान्यात आली. बाळ एकवीस दिवसांचे. "सिस्टर, मनी पाठ भलती दुखस," म्हणाली. स्तनाग्रांना चिरा पडलेल्या, बाळ नीट धरत नव्हते आणि घरात बाटलीची भाषा सुरू झालेली. तिची आई म्हणाली, "उशी तर चांगली महागाची आणली आहे." मी ती उशी घेऊन यायला सांगितले.

उशी चंद्रकोरीच्या आकाराची, गुबगुबीत, दिसायला छान. पण बाळ ठेवले की मधोमध खड्डा पडे, बाळ खाली जाई आणि ही बिचारी त्याच्यावर वाकून बसे. तान्हे बाळ दिवसरात्रीत आठ-बारा वेळा पिते. इतक्यांदा वाकल्यावर पाठ दुखणार नाही तर काय?

उशीचे काम एकच. बाळ छातीपर्यंत वर यावे, आईला खाली यावे लागू नये. म्हणून दुकानात जाण्याआधी, बाळंतीण घरी जिथे पाजायला बसते तिथेच तिला बसवा. पाठ भिंतीला टेकलेली, खांदे सैल. बाळ तिच्या छातीशी आडवे धरा, त्याचे पोट आईच्या पोटाकडे. आता बाळाच्या खाली मांडीपर्यंत जेवढी जागा उरते, तेवढी उशीची जाडी हवी. तीही बाळाच्या वजनाने दबल्यानंतरची. जमिनीवर मांडी घालणारीची आणि खुर्चीत बसणारीची गरज सारखी नसते. उंच बाईला पुरणारी उशी ठेंगणीला चढते आणि बाळाची मान वाकडी होते.

उशी तळहाताने दाबून पाहा. हात खोल रुतला तर ती नको. वरची बाजू सपाट हवी आणि कमरेशी फट राहू नये, नाहीतर बाळ तिथेच घसरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फोम तापतो, म्हणून खोळ सुती आणि काढून धुता येणारी घ्या. अशा दोन खोळी लागतातच. सिझेरियन झाले असेल तर उशी टाक्यांवर दाबू नये. बाळाला काखेखाली, पाय आईच्या पाठीकडे करून धरले तर पोटावर भार येत नाही. त्यासाठी कुशीला एक साधी घट्ट उशी पुरते.

खरे सांगायचे तर विकत घ्यायलाच हवी असे नाही. खानदेशात कापसाला काय तोटा? गादीवाल्याकडून ठासून भरलेली उशी करून घ्या. त्या मुलीला तर आम्ही घरातली गोधडी घट्ट घडी घालून दिली. बाळ वाढते तशी एकेक घडी कमी करता येते, ही सोय विकतच्या उशीत नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळा. पिता पिता बाळ झोपले की त्याला उशीवरून उचला. मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकली तर लहान बाळाचा श्वास कोंडतो. अमेरिकेत अशा उशांशी संबंधित बालमृत्यूंची नोंद झाल्यावर तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२४ मध्ये या उशांसाठी सक्तीचे नियम मंजूर केले. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवा. डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात, तीही नको.

चार दिवसांनी ती मुलगी पुन्हा आली, तेव्हा चिरा भरत आल्या होत्या. बाटलीचा विषय निघाला नाही. उशी बदलूनही दुखत असेल, तर मात्र दवाखान्यात येऊन एकदा आमच्यासमोर बाळाला पाजून दाखवा.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)