विधेयक मागे, गुरे रस्त्यावर

शहरांतल्या मोकाट गुरांना आवर घालणारे विधेयक गुजरात विधानसभेने मार्च २०२२ च्या अखेरीस मंजूर केले आणि २१ सप्टेंबरला मागेही घेतले. वडोदऱ्यासह ८ महापालिका आणि १५६ नगरपालिकांना ते लागू होणार होते. गाय-म्हैस पाळायची तर परवाना हवा, मग १५ दिवसांत जनावराला टॅग. नाही लावला तर वर्षभरापर्यंत कैद, १० हजारांचा दंड किंवा दोन्ही. गुरे पाळणारा मालधारी समाज खवळला आणि राज्यपालांनी विधेयक परत पाठवले. घटनेच्या २०० व्या कलमानुसार विधानसभेने ते पुन्हा मंजूर केले असते, तर राज्यपालांना संमती द्यावीच लागली असती. सरकारने तो हट्ट धरला नाही. मालधारींनी दूधविक्री बंद ठेवली, त्याच दिवशी विधेयक गुंडाळले गेले.

डिसेंबरात विधानसभेची निवडणूक होती, तेव्हा सरकार मतांपुढे नमले हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण हेतू मतांचा होता म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल ही गावे वडोदरा महापालिकेत आली. तिथला गुरे राखणारा जागचा हललाही नव्हता. हद्दच त्याच्या गोठ्यापर्यंत आली. धार काढून झाली की जनावर बाहेर सोडायचे हा त्याचा हिशेब, कारण दावणीला बांधून ठेवायचे तर चारा विकत आणावा लागतो. तुरुंगाच्या धाकाने हा हिशेब बदलत नाही. अशा माणसाचे म्हणणे मसुदा कच्चा असतानाच ऐकायला हवे होते.

मग रस्त्यावरच्या माणसाचे काय? ऑगस्ट २०२२ मध्ये कडी शहरातल्या तिरंगा यात्रेत माजी उपमुख्यमंत्री नितीन पटेल यांनाच गायीने पाडले. हायकोर्टही सरकारला जाब विचारत होते. धोका खराच आहे. पण गुरे धरून कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार महापालिकेला १९४९ च्या महापालिका कायद्याने आधीपासून आहे. अडते ते रोजच्या अंमलबजावणीत आणि गोठ्यांच्या जागेपाशी. माघार घेतानाही पुढची वाट दाखवता येते. महाराष्ट्र सरकारने २९ जून २०२५ रोजी शाळांतल्या हिंदीविषयीचे दोन जीआर रद्द केले, तेव्हा लगेच नरेंद्र जाधव समिती जाहीर केली. पुढे जाब कुणाला विचारायचा ते तरी लोकांना कळले. वडोदऱ्यात गोठे हलवायचे कुठे, याचे उत्तर विधेयक मागे घेतल्याने मिळालेले नाही, आणि ते महापालिकेनेच द्यायचे आहे.