'वाडी' म्हणजे कुठली? : एएस/४०० वरचं फंक्शन टेबल कुठं शोधतं



शिरोळच्या एसटी स्टँडवर "एक वाडी द्या" म्हटलं की नृसिंहवाडीचं तिकीट मिळतं. सिंधुदुर्गात हेच म्हणा, सावंतवाडीचं मिळेल. जोतिबाच्या डोंगरावरच्या गावाचं कागदोपत्री नावही वाडी रत्नागिरीच. थोडक्यात, अर्धं नाव सांगितलं की अर्थ जागा ठरवते. डेटाबेसचंही असंच आहे, फक्त तिथला कंडक्टर "कुठली वाडी?" असं विचारत नाही. गपचूप तिकीट फाडतो.

आयबीएमने १९८८ साली एएस/४०० हा मिडरेंज, म्हणजे पीसीपेक्षा मोठा आणि मेनफ्रेमपेक्षा लहान, कॉम्प्युटर आणला. पुढं नावं बदलत गेली. २००८ पासून त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमला 'आयबीएम आय' म्हणतात. डीबी२ डेटाबेस तिच्यातच बसवलेला असतो. टेबलं लायब्ररीत राहतात. एसक्यूएलमध्ये लायब्ररीलाच स्कीमा म्हणतात. शिवाय प्रत्येक जॉबला, म्हणजे चालू कामाला, स्वतःची लायब्ररी लिस्ट असते : कुठल्या लायब्ररीत आधी बघायचं, कुठल्या नंतर, त्याची यादी.

आता समजा, एका साखर कारखान्यात आपण 'ऊसवजन' नावाचं फंक्शन लिहिलं. सभासद क्रमांक द्यायचा, त्याच्या उसाचं एकूण वजन मिळायचं. आत फक्त 'वजननोंद' एवढंच टेबलाचं नाव. पण या नावाची टेबलं दोन आहेत : एक खऱ्या हंगामाच्या लायब्ररीत, दुसरं चाचणीच्या. मग फंक्शन कुठलं उघडणार?

ते फंक्शन तयार करताना कुठली नेमिंग पद्धत चालू होती, यावर ठरतं.

सिस्टिम नेमिंग असेल तर टेबल दर वेळी, फंक्शन चालतानाच, त्या जॉबच्या लायब्ररी लिस्टमध्ये शोधलं जातं. आधी सापडेल ते खरं. एसक्यूएल नेमिंग असेल तर मात्र तयार करतानाचा डिफॉल्ट स्कीमा पक्का होतो. तो दिला नसेल, तर तयार करणाऱ्याच्या यूजर प्रोफाइलचं नावच स्कीमा धरलं जातं. मग लायब्ररी लिस्ट कितीही बदला, उपयोग शून्य! (हे फंक्शनमधल्या साध्या, स्टॅटिक एसक्यूएलबद्दल. स्ट्रिंग जोडून चालवलेल्या डायनॅमिक एसक्यूएलचे नियम थोडे निराळे.)

इथं बरेच जण आणखी एक गल्लत करतात. 'ऊसवजन' हे फंक्शन स्वतः कुठं आहे, ते 'करंट पाथ'वरून शोधलं जातं. त्या पाथचा आतल्या टेबलाशी संबंध नाही. त्यामुळं फंक्शन सापडलं म्हणजे टेबलही सापडेल, असं नाही.

हिरव्या स्क्रीनवर चालणारं फंक्शन जावा प्रोग्रॅममधून का पडतं, तेही यातून कळतं. जेडीबीसीचं कनेक्शन सर्व्हरवरच्या वेगळ्या जॉबमध्ये चालतं, त्याची लायब्ररी लिस्ट वेगळी. शिवाय जेडीबीसीत न सांगता एसक्यूएल नेमिंग असतं, तर हिरव्या स्क्रीनच्या एसक्यूएलमध्ये सिस्टिम नेमिंग.

अडलं तर मी या क्रमानं बघतो :

१) मेसेज नीट वाचा. एसक्यूएल०२०४ म्हणजे वस्तू सापडली नाही. कुठं शोधली तेही त्याच ओळीत असतं : लायब्ररी लिस्ट की एखाद्या स्कीमाचं नाव. निम्मं निदान तिथंच होतं.
२) ज्या जॉबमध्ये चूक आली, त्याच जॉबची लायब्ररी लिस्ट बघा. आपल्या स्क्रीनची बघून काही कळणार नाही.
३) पीआरटीएसक्यूएलआयएनएफ ही कमांड फंक्शनच्या सर्व्हिस प्रोग्रॅमवर चालवा. नेमिंग कुठलं, ते छापून येतं.
४) चुकीच्या नेमिंगमध्ये बनलं असेल तर योग्य नेमिंग लावून फंक्शन पुन्हा तयार करा.

मेसेज आला तर नशीबच म्हणायचं. खरी भीती मेसेज न येण्याची. लायब्ररी लिस्टमध्ये चाचणीची लायब्ररी वर राहिली, तर फंक्शन बिनतक्रार चालतं, आकडाही देतं, पण तो चाचणीतल्या उसाचा. बिल छापून शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत कुणाला पत्ता नाही.

म्हणून माझं मत असं : एकच डेटा असेल तर टेबलासोबत लायब्ररीचंही नाव लिहून टाका. चाचणी आणि खरं काम एकाच कोडवर चालवायचं असेल, तर सिस्टिम नेमिंग जाणूनबुजून निवडा, आणि लायब्ररी लिस्ट कोण लावतं ते पक्कं ठरवा. तिकीट काढतानाच "नृसिंहवाडी" म्हणायला कितीसा वेळ लागतो?