ओढ्याला दार असतं का?

आमच्या घरात वाहत्या पाण्याला तीन शब्द आहेत. मी म्हणते ओढा, धारवाडची आमची सूनबाई म्हणते हळ्ळ आणि जपानात जन्मलेला सात वर्षांचा नातू म्हणतो केइर्यू. मला मात्र तो आज्जीच म्हणतो. हा शब्द मराठी की कानडी, या वादात आमच्या घरी अजून कुणी पडलेलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे सेंदाईला गेलो. बॅगेत कुंद्याचे चार डबे, शेंगाची चटणी, कडक भाकऱ्या आणि अगदी तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत कागद. खानापूर तालुक्यातल्या आमच्या सव्वादोन एकर जमिनीचे. सासऱ्यांनी मृत्युपत्रात नातवाचंही नाव घातलेलं, त्यामुळे विकायची तर मुलाची सही हवी. त्यासाठी टोकियोला आपल्या दूतावासात जायचं ठरलं होतं.

जमिनीच्या खालच्या अंगाला ओढा आहे. पुढे तो मलप्रभेला मिळतो. घेणारा म्हणाला होता, "ओढ्यात मोठे पाइप घालू, वर माती ओढू. तेवढीच जागा वाढेल." ओढा काही आमच्या मालकीचा नाही, पण दोन्ही काठ आमचे, तेव्हा कोण विचारतंय, असा त्याचा हिशेब. ह्यांचे गुडघे दुखतात, शेत करायला घरात कुणी नाही. मीही गप्प राहिले. लग्न होऊन आले त्या वर्षी याच ओढ्यावर मी सासूबाईंबरोबर गोधड्या धुतल्या होत्या, हे कुणाला सांगत बसायचं?

टोकियोला जायच्या आधीच्या शनिवारी मुलगा म्हणाला, "आई, तुला एक ओढा दाखवतो." मी म्हटलं, "अरे, ओढा बघायला जपानला कशाला यायला हवं?" तरी गेलोच. पहाटे निघून शिन्कानसेनने हाचिनोहे, तिथून बसने सुमारे दीड तास डोंगरात. आओमोरी प्रांतातला हा ओइरासे ओढा तोवादा तळ्यातून निघतो. हे तळं ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं, 300 मीटरहून अधिक खोल. त्यातून बाहेर पडणारा प्रवाह हा एकच. नेनोकुचीपासून याकेयामापर्यंत साधारण 14 किलोमीटर तो दाट झाडीतून वाहतो. 1936 साली हा सगळा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला.

आम्ही इशिगेदोला उतरलो. तिथे एक अजस्र शिळा झाडाला टेकून उभी आहे. 'गेदो' म्हणजे तिथल्या बोलीत खोपी. या दगडी खोपीत म्हणे एक देखणी दरोडेखोर बाई राहायची. वाटसरूला म्हणायची, मला पाठीवर घेऊन ओढा पार करून दे. आणि मध्यावर आलं की पाठीतच सुरा! सूनबाईने ही गोष्ट कानडीतून सांगितली, तेव्हा हे म्हणाले, "मी कुणाला पाठीवर घेणार नाही बाबा, माझे गुडघे असे." पुष्कळ दिवसांनी ते असं हसले.

पाण्याकाठची पायवाट बरीचशी सपाट आहे. पुढून येणाऱ्या एका आजोबांच्या पिशवीला घंटा बांधलेली होती. माणूस येतोय हे अस्वलाला कळावं म्हणून. आमच्या खानापूरच्या रानातही अस्वलं आहेत, पण घंटा असते ती गुरांच्या गळ्यात.

मला सगळ्यात नवल वाटलं ते शेवाळाचं. दगडांवर, बुंध्यांवर, पडलेल्या ओंडक्यांवर, जिकडे पाहावं तिकडे हिरवीगार मखमल. पाण्याच्या मधोमध असलेल्या दगडांवरसुद्धा शेवाळ, त्यावर नेचे, एकेका दगडावर तर चक्क झाडं उगवलेली. आपल्याकडे आषाढात ओढा असा अंगावर येतो की दगडावरचं सगळं धुऊन नेतो, आणि चैत्रात तळाचे गोटे तापतात. इथे हे टिकतं कसं? मुलगा म्हणाला, "तळं मोठं आहे ना. पाणी एकदम चढत नाही, एकदम उतरतही नाही. म्हणून झाडांना दगडावर घर करता येतं."

नातवाने शेवाळावर हात टेकला तशी सूनबाई ओरडली, "मुट्टबेड!" त्याने हात मागे घेतला. तिथे पानसुद्धा तोडायचं नाही. आडवं पडलेलं झाडही वाटेत येत नसेल तर तसंच राहू देतात, त्यावर पुढचं झाड उगवतं. एका बाकावर बसून आम्ही चपाती आणि शेंगाची चटणी खाल्ली. पाण्याचा आवाज होता, तरी शांत वाटत होतं. ओढ्याला लागून डांबरी रस्ता आहे, त्यावरून अधूनमधून बस जाते, पण ती गेली की पुन्हा पाणी आणि पाखरं.

दुपारी थोडं अंतर बसने जाऊन चोशी ओताकी धबधबा पाहिला. उंची अवघी सात मीटर, रुंदी मात्र वीस. उंचीने कमी असला तरी मासे तो चढून जाऊ शकत नव्हते, म्हणून वरच्या एवढ्या मोठ्या तळ्यात मासेच नव्हते. वाइनाई सादायुकी नावाच्या माणसाने कितीतरी अपयश पचवून 1903 साली हिमेमासू जातीची पिल्लं तळ्यात सोडली. दोन वर्षांनी ती मोठी होऊन काठाला परतली. आज तळ्याकाठच्या खानावळीत तोच मासा मिळतो.

तिथून नेनोकुचीला चालत पोचलो. तळ्यातून ओढा जिथे निघतो तिथे एक झडपेचं दार आहे. मी थबकलेच. म्हणजे हा मोकळा वाहणारा ओढा मोकळा नाही? मुलाने समजावलं. तळ्याचं पाणी विजेला लागतं, खालच्या भातशेतीला लागतं. पण सगळं पाणी तिकडे नेलं तर ओढा मरेल. म्हणून ओढ्याचा वाटा ठरवून ठेवलाय. लोक बघायला येतात त्या हंगामात दिवसा ठराविक पाणी सोडतात, एरवी कमी करतात.

नातवाने आजोबांचा हात ओढला. "आजोबा, आपल्या ओढ्याला दार असतं का?"

"नाही रे," हे म्हणाले. "आपला तसाच वाहतो."

"मग त्याचं पाणी कोण सोडतं?"

ह्यांनी उत्तर दिलं नाही. कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. मीही काही बोलले नाही. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं, की अशा वेळी बोलू नये.

रात्री तळ्याकाठी मुक्काम होता. दिवा मालवल्यावर हे अंधारात म्हणाले, "अगं, आई तिथे गोधड्या धुवायची."

"मीही धुतल्यात," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात टोकियोला जाणं झालं नाही. बापलेक दोन संध्याकाळ कागद पसरून बसले. ठरलं ते असं: वरची दीड एकर विकायची, ओढ्याकाठची तीस गुंठे ठेवायची. भाव कमी येईल, घेणारा कदाचित पाठ फिरवेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या औषधपाण्याचं मी बघतो." ह्यांना ते आवडलं नाही, पण या वेळी वाद घातला नाही.

जुलैत परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून शेतावर गेलो. घेणारा अजून 'विचार करतो' म्हणतोय. ओढा दुथडी भरला होता. पाणी गढूळ, लाल, वर काटक्या आणि पाचोळा. शेवाळाची मखमल नाही, बसायला बाक नाही. चप्पल काढून हे काठावरच्या दगडावर बसले आणि गुडघे दुखत असूनही तासभर उठले नाहीत.

रविवारी फोनवर नातवाने पहिला प्रश्न विचारला, "आज्जी, हळ्ळात नीरु आलं?" अर्धं कानडी, अर्धं मराठी. मी फोन ह्यांच्याकडे दिला. म्हटलं, तुम्हीच सांगा.