पोर पोट दुखतं म्हणतं तेव्हा

आज हप्ता, कर्ज, व्याज यातलं काही काढायचं नाही. आज बोलायचंय ते आपल्या घरातल्या बारा ते अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या मनाबद्दल.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गटांच्या बैठका घेत फिरताना एक गाऱ्हाणं आमच्या कानावर फार येतं. "ताई, शाळेच्या टायमालाच पोरीचं पोट दुखतं. दवाखाना केला, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. नाटकं करते." दुसऱ्या घरी पोरगं "डोकं दुखस" म्हणून गोधडीत शिरतं, नाहीतर साध्या बोलण्यावरून ताट ढकलून देतं. आपण म्हणतो, वयच तसं आहे, नाहीतर मोबाइलनं बिघडलं.

पोटाचं दुखणं आधी डॉक्टरांना दाखवायचंच. पाळीचा त्रास असेल, अंगात रक्त कमी असेल. पण तपासण्या नीट निघाल्या म्हणजे पोर खोटं बोलतंय असं होत नाही. मनावरचा ताण लेकरांच्या पोटात, डोक्यात खरोखर दुखतो. या वयातली उदासी दर वेळी रडून दिसत नाही, पुष्कळदा ती चिडचिड होऊन बाहेर पडते. दोन आठवड्यांच्या वर झोप बिघडली, जेवण तुटलं, मैत्रिणी सुटल्या, आवडीचा खेळही नकोसा झाला, तर त्याला नाटक म्हणू नका.

हे दुखणं लवकर सुरू होतं, हे आता अभ्यासांतून पक्कं झालंय. जगभरातले १९२ अभ्यास एकत्र करून सात लाखांवर माणसांची माहिती तपासली गेली, तिचा निष्कर्ष २०२१ साली आला. ज्यांना पुढे मनाचा आजार झाला, त्यांच्यातल्या साधारण तिघांमागे एकाला तो चौदा वर्षांच्या आत सुरू झाला होता. जवळपास निम्म्यांना अठराच्या आत. म्हणजे आठवी-नववीचं वय. आपल्याकडे याच वयात पोरीच्या लग्नाचा विषय निघतो आणि कापूस वेचणीला शाळा बुडते, हे वेगळं सांगायला नको.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. तेरा ते सतरा वयातल्या शंभरात सात मुलांना उपचार लागावा असा मनाचा त्रास निघाला. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या दोन्ही अंगांचे शेजारी, गुजरात आणि मध्य प्रदेश, होते. शिरपूरच्या किंवा रावेरच्या पुढे हद्द ओलांडली म्हणून पोरांची मनं बदलत नाहीत. आपल्या राज्याचा एक आकडा मात्र सरकारी नोंदीत आहे आणि तो सांगताना जीभ जड होते. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त.

मग बाया विचारतात, "ताई, एवढे डॉक्टर आणायचे कुठून?" खरंच आहे. मनाचे डॉक्टर जिल्ह्याच्या गावी, आणि तिथं जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवून एसटीचं भाडं घालायचं. इथंच अलीकडच्या संशोधनातली आपल्या कामाची गोष्ट येते.

गोव्याची 'संगाथ' ही संस्था बरीच वर्षं या विषयावर काम करते. तिनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत एक कार्यक्रम करून पाहिला. मनातलं लिहून टाकायची पेटी, भिंतीवरचं मासिक, वर्गात चर्चा, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलणं. काही शाळांत हे काम शिक्षकांकडे दिलं. काही शाळांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या एका बाहेरच्या माणसाकडे, ज्याला 'मित्र' म्हणत. उरलेल्या शाळांत हा कार्यक्रम नव्हताच. २०१८ साली निकाल आला. 'मित्र' असलेल्या शाळांत मुलांची उदासी कमी झाली, एकमेकांना छळणं, मारामारी कमी झाली, शाळा आपली वाटू लागली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षकांना कमी लेखायला हे सांगत नाही. आम्हाला वाटतं, जो मार्क देतो आणि छडी उगारतो, त्याच्यापुढं पोर मन कसं मोकळं करणार? हा आमचा अंदाज, अभ्यासाचा नव्हे.

याच संस्थेनं दिल्लीच्या सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या मुलांसाठी आणखी एक साधी रीत वापरली. नेमकी अडचण कोणती ते ठरवायचं, तिच्यावर काय काय करता येईल ते शोधायचं, आणि त्यातलं एक करून पाहायचं. वीसेक मिनिटांच्या चार-पाच भेटी, सोबत चित्रांच्या पुस्तिका. इथंही बोलणारी माणसं डॉक्टर नव्हती. ज्यांना नुसत्या पुस्तिका दिल्या त्यांच्यापेक्षा, ज्यांच्याशी माणूस बोललं त्या मुलांच्या अडचणी जास्त हलक्या झाल्या. आजाराच्या लक्षणांत मात्र दोन्हीकडे फारसा फरक निघाला नाही. म्हणजे साध्या माणसाच्या ऐकण्याचा उपयोग आहे, पण तो औषधाच्या जागी नाही.

आणि हे फार लांबचंही नाही. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ मध्ये 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प झाला. तो मोठ्या माणसांसाठी होता. पण त्यात दुःखी माणूस ओळखून त्याच्याशी बोलायचं काम गावातल्याच लोकांनी केलं. त्यांत बचत गटातल्या बायाही होत्या!

आता एका भीतीबद्दल. "जीव द्यावासा वाटतो का, असं विचारलं तर नको ते पोराच्या डोक्यात भरायचं," असं जवळजवळ प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर हेच तपासलं गेलं. निम्म्यांना हा प्रश्न विचारला, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांच्या मनात तसे विचार वाढले नाहीत. उलट जी मुलं आधीच फार खचलेली होती, त्यांचा त्रास विचारल्यानं थोडा कमी दिसला. हा अभ्यास २००५ चा, आणि नंतरच्या अभ्यासांतूनही हेच निघालं. तेव्हा शंका आली तर सरळ विचारा.

कसं विचारायचं? चारचौघांत नको. भाकरी थापताना, शेतावरून येताना, शेजारी बसून. "काय व्हयनं बेटा?" एवढंच पुरे, मग गप्प राहायचं. "आमच्या वेळी तर खायलाही नव्हतं" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढायचं नाही. पोर 'हो, जगावंसं वाटत नाही' म्हणालं, तर रागवायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, त्याला एकटं सोडायचं नाही. फवारणीचं औषध घरात असेल तर ते त्याच दिवशी कुलपात जाऊ द्या, किल्ली आपल्या कमरेला.

पोलिसांची धास्तीही सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, असा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या तणावाखाली होता असंच धरून चालतात, शिक्षेसाठी त्याच्यावर खटला चालवत नाहीत.

१४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर. रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. पोराला मारझोड होत असेल, किंवा पोरीचं लग्न बळजबरीनं लावत असतील, तर १०९८. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं मनाच्या आजाराचा विभाग विचारा. पोर जीव द्यायचं बोलत असेल तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत वसुली झाल्यावर पंधरा मिनिटं याच विषयाला ठेवली आहेत. येताना सातवीच्या पुढच्या पोरींना सोबत आणलं तर चालेल. हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद ज्या गटाला हवा असेल, त्यांनी आपल्या सीआरपी ताईंकडे नाव सांगून ठेवा.