बदनामीच्या प्रसंगी संस्थेने काय बोलावे?

हैदराबाद शहरात हिमायतनगरला लागूनच बशीरबाग आहे. तेथील निजाम कॉलेज १८८७ साली स्थापन झाले. भारताचे माजी कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन हे याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. मॅच फिक्सिंगच्या आरोपावरून २००० साली क्रिकेट नियामक मंडळाने त्यांच्यावर आजन्म बंदी घातली. २०१२ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरविली. मधल्या बारा वर्षांत लोकांनी आपापला निकाल केव्हाच देऊन टाकला होता.

त्याच वर्षी उलटही घडले. दिल्ली पोलिसांनी ७ एप्रिल २००० रोजी दक्षिण आफ्रिकेचे कर्णधार हान्सी क्रोनिए यांच्यावर आरोप ठेवताच तेथील मंडळाने त्यांच्या सचोटीची जाहीर ग्वाही दिली. अवघ्या चार दिवसांत क्रोनिए यांनी आपण पूर्ण प्रामाणिक नव्हतो असे कबूल केले आणि मंडळाचा शब्द फुकट गेला.

महाविद्यालयांच्या वाट्यालाही असे प्रसंग येतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या तीन खेळाडूंवर २००६ साली एका स्त्रीवरील अत्याचाराचा आरोप आला. वर्तमानपत्रांच्या गदारोळात संघाचे उरलेले सामने रद्द झाले, प्रशिक्षकालाही जावे लागले. पुढील वर्षी राज्याच्या महाधिवक्त्यांनी तिघांनाही निर्दोष घोषित केले. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात मात्र फुटबॉलच्या एका माजी साहाय्यक प्रशिक्षकाविषयी २००१ सालीच तक्रार वरिष्ठांच्या कानी गेली होती; ती पोलिसांपर्यंत पोहोचलीच नाही. २०१२ साली मुलांवरील अत्याचाराच्या ४५ आरोपांत तो दोषी ठरला. संस्थेचे नाव राखण्यासाठी मौन पाळले गेले. त्याची किंमत मुलांनी मोजली.

मग संस्थेने करावे तरी काय? पीडित मूल अठरा वर्षांखालील असेल, तर पोलिसांना कळविणे ही ऐच्छिक बाब नव्हे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, म्हणजेच पोक्सोने, ते बंधनकारक केले आहे. आपल्या हाताखालील माणसाचा असा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाची ओळख वृत्तपत्रांतून उघड करण्यासही हा कायदा मनाई करतो.

त्यानंतर कागदपत्रे सुरक्षित ठेवावीत आणि बोलण्याचे काम एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्यावे. पालकांना व विद्यार्थ्यांना बातमी वर्तमानपत्रातून कळू नये. ती आधी संस्थेकडून कळावी. जे ठाऊक आहे ते स्पष्ट सांगावे, जे ठाऊक नाही ते तसेच सांगावे, आणि पुढील माहिती केव्हा मिळेल तेही सांगावे. आरोपीला चौकशीपर्यंत कामापासून दूर ठेवणे योग्य; पण त्याला गुन्हेगार म्हणणे किंवा त्याच्या निर्दोषपणाची हमी देणे, दोन्ही अयोग्य. बोलण्यात चूक झाल्यास ती त्याच दिवशी दुरुस्त करावी.

वाचकहो, आपली मुले खेळाच्या निमित्ताने दूरच्या वसतिगृहांत राहतात. तेथील तक्रार कोणाकडे न्यायची, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवावे. मोबाईलवर आलेली बदनामीची बातमी मात्र पुढे धाडू नये. मुलाने काही सांगितले, तर घराण्याच्या किंवा संस्थेच्या नावाआधी त्याचे बोलणे नीट ऐकून घ्यावे.