दहा-दहा : ईस्ट लान्सिंगची बरोबरी

अमेरिकी फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातात धरून किंवा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या सीमारेषेपार नेला की सहा गुण मिळतात, त्यानंतरच्या यशस्वी लाथेचा एक, आणि दुरून लाथ मारून चेंडू उभ्या खांबांमधून पार केला तर तीन. महाविद्यालयीन स्तरावर १९६६ साली अंतिम सामना असा नव्हताच. क्रीडापत्रकार व प्रशिक्षक यांच्या स्वतंत्र मतदानांतून राष्ट्रीय विजेता ठरत असे. म्हणून १९ नोव्हेंबर रोजी ईस्ट लान्सिंग येथे अव्वल नोटर डेम आणि दुसऱ्या क्रमांकावरील मिशिगन स्टेट हे अपराजित संघ ८०,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर भिडले, तेव्हा त्या सामन्याला अंतिम सामन्याचेच मोल आले.

मिशिगन स्टेटने अनवाणी पायाने लाथ मारणाऱ्या डिक केनी याच्या ४७ यार्डांवरील तीन गुणांसह १०-० अशी आघाडी घेतली. नोटर डेमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, टेरी हॅनरटी पहिल्याच सत्रात जायबंदी झाला होता. तरी त्याच्या जागी आलेल्या, मधुमेह असलेल्या कोली ओब्रायनने संघाला बरोबरी साधून दिली. शेवटचे ७० सेकंद उरले असताना चेंडू नोटर डेमकडे होता, पण प्रशिक्षक आरा पार्सेघियन यांनी लांब फेकी टाळून वेळ संपू दिली. त्यांच्यावर भित्रेपणाचा ठपका आला, तो अन्यायाचा होता. एक फेक प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागती तर केनीची एक लाथ पुरेशी ठरली असती, आणि जिथे बरोबरीनेही पहिला क्रमांक टिकू शकतो, तिथे दोष त्या पद्धतीचाच. पुढच्या आठवड्यात सदर्न कॅलिफोर्नियाला ५१-० असे नमवून नोटर डेमने दोन्ही मतदानांत पहिले स्थान मिळवले.

या वादात मिशिगन स्टेटचे खरे मोठेपण झाकोळले. दक्षिणेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांचे संघ कृष्णवर्णीयांना बंद होते, त्या काळात प्रशिक्षक डफी डॉर्टी यांनी टेक्सासचा बबा स्मिथ, साउथ कॅरोलिनाचा जॉर्ज वेबस्टर आणि नॉर्थ कॅरोलिनाचा क्वार्टरबॅक जिमी रे यांना घेऊन संघ उभारला होता. नोटर डेमकडे ॲलन पेज हा एकच कृष्णवर्णीय खेळाडू होता. तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेल्या अलाबामाने मात्र त्या हंगामातील अकराही सामने जिंकले होते, आणि त्या संघात एकही कृष्णवर्णीय नव्हता.