उसने आणि घरचे

2025 साली दोन बातम्या पाठोपाठ आल्या. करुण नायर विदर्भाचा रणजी संघ सोडून कर्नाटकात परतला आणि आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा विदर्भ सोडून बडोद्याला गेला. नायर पाहुणाच होता, त्याचं वाईट वाटलं नाही. जितेशचं मात्र लागलं. मेळघाटातल्या आमच्या धारणीत चहाच्या टपरीवर एकानं विचारलंच, "काऊन गेला असंन बाप्पा?" कोणीच बोललं नाही.

विदर्भ रणजीत उतरला 1957-58च्या हंगामात. त्यानंतरची पन्नासेक वर्षं भराभर उलटलेली बरी. धावांच्या तक्त्यात आपला माणूस शोधायचा तर पेपर खालून वर वाचावा लागे.

आमचं दशक सुरू झालं 2015 साली, वासिम जाफर मुंबईहून आला तेव्हा. विदर्भ उसन्या फलंदाजांवर उड्या मारतो, असं मुंबई-पुण्याकडची मंडळी तेव्हापासून ऐकवत आली. जाफर मोठाच. मार्च 2018मध्ये इराणी करंडकात 286, आणि चाळिशी उलटल्यावर 2018-19च्या रणजीत 1037 धावा. पण बाकीचा हिशोब कोण मांडणार? विदर्भानं पहिली रणजी जिंकली त्या 2017-18मध्ये संघात सर्वाधिक धावा होत्या कर्णधार फैज फझलच्या, 912. तिसरी जिंकली त्या 2024-25मध्ये नायरनं 863 केल्या खऱ्या, पण यश राठोडनं 960 केल्या, त्याही देशात सर्वाधिक. तीन विजेतेपदांत दोनदा घरचाच माणूस पुढे.

पहिली फायनल इंदूरला होती. आम्हा धारणीकरांना खंडव्यावरून इंदूर गाठणं नागपूरपेक्षा सोयीचं, तरी आम्ही ती मोबाइलवर अडकत-अडकत पाहिली. रजनीश गुरबानीनं हॅट्ट्रिक घेतली, अक्षय वाडकरनं शतक ठोकलं, आणि 1 जानेवारी 2018ला दिल्ली नऊ गड्यांनी हरली. त्या सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं पदार्पण केलं, हे आमच्याकडे अजून सांगतात.

फैजचा हिशोब मात्र चुकता व्हायचा राहिला. 2016मध्ये हरारेत एकमेव एकदिवसीय सामना, नाबाद 55, भारत दहा गड्यांनी विजयी. पुन्हा बोलावणं नाही. फेब्रुवारी 2024मध्ये तो निवृत्त झाला. मुंबईच्या पोराला अर्धशतकानंतर असं घरी बसवलं असतं का? मला नाही वाटत.

आता आमची तक्रार. अकोल्यानं अथर्व तायडे दिला, अमरावतीनं जितेश. परतवाडा सोडून घाट चढलं, की धावांचा तक्ता संपतो. मेळघाटातली कोरकू पोरं टेनिस बॉलवर उभ्या-उभ्या षटकार मारतात. लेदर बॉल कित्येकांनी हातातही धरलेला नाही. पाहुण्यांना आणायला पैसा निघतो, तसा धारणीला एक टर्फ विकेट आणि एक प्रशिक्षक द्यायलाही निघू द्या. नागपूरकरांनो, पुढच्या हंगामाच्या निवड चाचण्यांआधी एकदा घाट चढून या.